तारेच्या कंपनाची दोन वेगळी उत्तरं का येतात? त्यांतलं खरं कोणतं?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन्ही टोकांना घट्ट बांधलेल्या तारेचं समीकरण फ्रेंच गणिती दालांबेरच्या पद्धतीने सोडवलं की दोन सरकते आकार मिळतात, सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्सने (स्थान आणि वेळ वेगळे करून) सोडवलं की साइनची अनंत श्रेणी मिळते. मग खरं कुठलं? आणि प्रोग्रॅम लिहिला तर आकडे भलतेच फुगत जातात, ते का?

दोन्ही खरी, कारण ते एकच उत्तर आहे. मला वाटतं, ही दोन प्रकरणं पुस्तकात लांब-लांब छापलेली असतात म्हणून ते जाणवत नाही.

आधी समीकरण काय सांगतं ते पाहू. तारेच्या एखाद्या बिंदूचा प्रवेग त्या जागी तार किती वाकली आहे (म्हणजे स्थानाचं दुसरं विकलन) त्याच्या प्रमाणात असतो. प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे तरंगाच्या वेगाचा वर्ग. तो वर्ग काढायचा तर ताणाला दर मीटरच्या वस्तुमानाने भागायचं. दालांबेरने १७४७ मध्ये याचं सर्वसाधारण उत्तर दिलं: फ(क्ष − वट) + ग(क्ष + वट). क्ष म्हणजे स्थान, ट म्हणजे वेळ, व म्हणजे वेग. एक आकार उजवीकडे जातो, एक डावीकडे. तार ओढून नुसती सोडली असेल, तर मूळ आकाराच्या निम्म्या उंचीच्या दोन प्रती दोन दिशांना निघतात आणि बांधलेल्या टोकावर आपटून उलट्या होऊन परततात. गणितात हे ‘उलटं होऊन परतणं’ आणायचं तर सुरुवातीचा आकार तारेबाहेरही विषम फलन म्हणून (टोकापलीकडे उलटा करून) वाढवायचा आणि तारेच्या दुप्पट लांबीने पुन्हा पुन्हा मांडायचा.

आता श्रेणीकडे या. तिचं प्रत्येक पद म्हणजे स्थानाची साइन गुणिले वेळेची कोसाइन. त्याला शाळेतलं सूत्र लावा: २ साइन अ कोसाइन ब = साइन(अ + ब) + साइन(अ − ब). प्रत्येक पद फुटून एक उजवीकडे आणि एक डावीकडे सरकणारी साइन निघते. सगळ्या उजव्या एकत्र केल्या की दालांबेरचा फ, सगळ्या डाव्या म्हणजे ग. साइन मुळात विषम आणि आवर्ती असल्याने तो बाहेरचा विस्तार श्रेणीत आपोआप येतो.

पटत नसेल तर तार बरोबर मध्ये ह उंचीपर्यंत ओढून सोडा. सम क्रमांकाची पदं गळतात, विषम क्रमांकाच्या पदांचे गुणक ८ह भागिले (पाय गुणिले न)चा वर्ग (न म्हणजे पदाचा क्रमांक), चिन्ह आलटून-पालटून. पाव आवर्तनानंतर श्रेणीतली प्रत्येक कोसाइन शून्य होते, म्हणजे तार पूर्ण सरळ. दालांबेरच्या रीतीनेही तेच: दोन प्रती एकमेकींना बरोबर खोडतात. पण त्या क्षणी तारेचा वेग काय? दालांबेर एका ओळीत सांगतो की टोकं सोडून सगळे बिंदू एकाच वेगाने खाली चालले आहेत. श्रेणीला हाच सपाट वेग उभा करायला अनंत पदं लागतात. कितीही पदं घेऊन थांबलात तरी टोकांजवळ वेग सुमारे १८ टक्के जास्त दिसत राहतो. हीच ती गिब्जची घटना.

ओढलेल्या तारेला जिथे कोपरा असतो तिथे दुसरं विकलन अस्तित्वातच नसतं, मग समीकरण लागू कसं व्हायचं? यावरूनच गणिती ऑयलर आणि दालांबेर भांडले. ऑयलरला कोपरे चालत होते, दालांबेरला नाही. डॅनिएल बेर्नुलीने १७५३ मध्ये साइनच्या बेरजेचा आग्रह धरला, तेव्हा ते दोघांनाही पटलं नाही. आज अशा, कोपऱ्यावर विकलन नसतानाही व्यापक अर्थाने चालणाऱ्या, उत्तरांना आपण ‘वीक सोल्यूशन’ म्हणतो, आणि माझ्या मते इथे ऑयलरची नजर जास्त लांबची होती.

आता कधी कोणती पद्धत? कुठला धक्का कुठे, केव्हा पोचेल हे विचारलं असेल तर दालांबेर. कंप्रता विचारल्या असतील तर श्रेणी. समीकरण जरा बदललं की दालांबेर हात टेकतो. वाकणाऱ्या दांड्याच्या समीकरणात स्थानाचं चौथं विकलन येतं, आखूड तरंग लांब तरंगांपेक्षा जोरात पळतात, त्यामुळे आकार टिकतच नाही. सर्वत्र सारखी जाडी असलेल्या, ढोलासारख्या ताणलेल्या गोल पडद्यासाठी साइनच्या जागी बेसेल फलनं (साइनसारखीच वर-खाली होणारी, पण हळूहळू लहान होत जाणारी) येतात आणि कंप्रता पूर्णांकांच्या पटीत राहत नाहीत: दुसरी पहिलीच्या १.५९३ पट.

आता तुमचा प्रोग्रॅम. त्यात तारेवर ठरावीक अंतरावर (अंतरपायरी) बिंदूंची जाळी घेतो आणि ठरावीक वेळेने (कालपायरी) प्रत्येक बिंदूची नवी उंची काढतो. वेग गुणिले कालपायरी भागिले अंतरपायरी, या संख्येला र म्हणू. ती १ च्या वर गेली की उत्तर फुटणारच. एका पायरीत बिंदूला फक्त शेजाऱ्यांची खबर लागते, पण खरा तरंग त्याहून लांबून येऊन पोचलेला असतो. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी ही अट १९२८ मध्ये मांडली. चौरस जाळीवरच्या पडद्यासाठी मर्यादा आणखी कमी, सुमारे ०.७०७. तारेसाठी मात्र र बरोबर १ घेऊन पाहाच. नवं = डावं + उजवं − जुनं, एवढाच नियम उरतो (डावं-उजवं म्हणजे शेजाऱ्यांची आत्ताची उंची, जुनं म्हणजे त्याच बिंदूची मागच्या पायरीची), आणि तो जाळीच्या बिंदूंवर अगदी अचूक असतो. तो दालांबेरच आहे, फक्त बिंदूंवर लिहिलेला.

पहिली पायरी तेवढी वेगळी लिहा, कारण ‘जुनं’ अजून नसतं. स्थिर सोडलेल्या तारेसाठी र = १ असताना ती डाव्या-उजव्याची सरासरी असते. सुरुवातीचाच आकार दोनदा भरून पुढे गेलात तर काही फुटत नाही, पण सगळं कंपन अर्धी कालपायरी उशिरा धावतं.