मेंदूचे खेळ: वर्गणी भरण्यापूर्वी

प्रश्न: माझा मुलगा 9 वर्षांचा असून पुढे शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहे. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत आणि अलीकडे त्यांना लहानसहान गोष्टी आठवत नाहीत. आमच्या सोसायटीत आलेल्या एका अ‍ॅपच्या विक्रेत्याने सांगितले की, त्यातील खेळ रोज खेळल्यास मुलाचा बुद्ध्यांक वाढेल आणि सासूबाईंचा विसराळूपणा थांबेल. दोघांसाठी वर्षाची वर्गणी भरावी का?
— एक वाचक, दादर

उत्तर: या दोन आश्वासनांवर विसंबून भरू नये. माणूस ज्या प्रकारचे कोडे रोज सोडवतो त्यात तो तरबेज होतो, हे खरेच आहे; परंतु ते कौशल्य त्या कोड्याबाहेर फारसे पोहोचत नाही. 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, 11,430 जणांचा सहभाग असलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात सहा आठवड्यांच्या सरावानंतर सरावाच्या खेळांतील गुण वाढले, मात्र सराव न केलेल्या, अगदी जवळच्या वाटाव्यात अशा चाचण्यांतही त्याचा लाभ दिसला नाही. असे खेळ शाळेतील व कामातील प्रगतीला मदत करतात आणि म्हातारपणीचा विसर लांबवतात, असा दावा ‘ल्युमॉसिटी’ या अशाच खेळांच्या अ‍ॅपच्या जाहिराती करीत होत्या; त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवल्यावर 2016 मध्ये त्या कंपनीने 20 लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याला दिलेली आश्वासने याहून वेगळी नाहीत.

मुलाच्या बाबतीत विचार असा करावा की, खेळात ज्याचा सराव होतो ती गोष्ट मुळात शिकण्याजोगी आहे का. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका, विसंगत पद, आरशातील प्रतिमा असे प्रश्न येतात. अ‍ॅपमध्ये नेमके तेच असतील तर त्या प्रश्नांपुरता फायदा होईल, पण तो जुन्या प्रश्नपत्रिकांतूनही होतो. चमकणाऱ्या चौकोनांवर झटपट बोट ठेवण्याच्या खेळापेक्षा मला ‘हनोईचा मनोरा’ कितीतरी मोलाचा वाटतो. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1883 मध्ये हे कोडे प्रसिद्ध केले. तीन खांब असतात; एका खांबावर रचलेल्या लहान-मोठ्या चकत्या दुसऱ्या खांबावर न्यायच्या, एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्यांना किमान 7 चाली लागतात, चार चकत्यांना 15, पाच चकत्यांना 31. प्रत्येक वेळी आधीच्या संख्येची दुप्पट अधिक एक, हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात येऊ द्यावे, घाईने सांगू नये, आणि लक्षात आल्यावर ‘असे का होते?’ एवढे मात्र अवश्य विचारावे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या ‘जीकाँप्री’ या मोफत, जाहिरातमुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे कोडे आहे.

सासूबाईंसाठी अ‍ॅपच्या आधी डॉक्टर हवेत. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, काही औषधे, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही विसर पडू शकतो, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय करता येतात. अ‍ॅपच्या भरवशावर तपासणी लांबणीवर पडली, तर ते नुकसान वर्गणीच्या रकमेहून मोठे ठरेल. वयस्कांच्या सरावाचा काहीच उपयोग नसतो असे मात्र नाही. 65 वर्षांवरील 2,800 हून अधिक व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या अभ्यासात तर्क आणि आकलनाचा वेग यांच्या सरावाचा परिणाम त्या-त्या कौशल्यात दहा वर्षांनंतरही टिकून होता, स्मरणशक्तीच्या सरावाचा मात्र टिकला नाही. आपली तक्रार नेमकी स्मरणाचीच आहे, म्हणून हा फरक लक्षात घ्यावा.

प्रश्न: मी निवृत्त असून रोज वर्तमानपत्रातील शब्दकोडे आणि सुडोकू सोडवते. मेंदूसाठी एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: आनंदाने सोडवत राहा, पण एवढ्यावर थांबू नका. फिनलंडमध्ये 60 ते 77 वर्षांच्या 1,260 जणांवर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिंगर’ अभ्यासात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या धोक्यांवर देखरेख या चारही गोष्टी दोन वर्षे एकत्र केलेल्या गटाची बौद्धिक क्षमता केवळ सर्वसाधारण आरोग्यसल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस राहिली. तेव्हा कोडे सोडवून झाले की मैत्रिणींसोबत फिरायला जा, आणि रक्तदाब व साखर नियमित तपासून घ्या.