जर्सीवरच्या प्रायोजकामुळे गेलिक फुटबॉलच्या समर्थकांमधले वैर वाढते का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आपण शिक्षणासाठी आयर्लंडमधील कॉर्कला येणार आहात आणि आपल्या नातेवाइकांनी दिलेली, छातीवर ‘एआयजी’ या विमा कंपनीचे नाव लिहिलेली, गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या स्वतःच्या खेळातील डब्लिन संघाची जुनी जर्सी तिथे घालावी की नाही, हा पहिला. एखाद्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या, जर्सीवर झळकणाऱ्या कंपनीवर प्रतिस्पर्धी काउंटीचे लोक बहिष्कार वगैरे घालतात का, हा दुसरा. मी काही वर्षांपासून डब्लिनमध्ये नोकरी करतो आणि माझ्या कार्यालयात केरी, मेयो, मीथ अशा काउंट्यांची माणसे शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे हा विषय उन्हाळाभर कानावर पडत असतो. समर्थकांमधले वैर खरे आहे, परंतु ते गावाचे आणि रंगाचे आहे आणि प्रायोजकाच्या नावाला त्यात टोमण्यापुरतीच जागा मिळते. प्रायोजकाच्या पैशावरून होणारे वाद ही मात्र वेगळी आणि बरीच गंभीर गोष्ट आहे.

हे समजण्यासाठी संघ कसे बनतात ते पाहावे लागेल. १८८४ मध्ये टिपरेरी काउंटीतील थर्ल्स गावी स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, आजही हौशी संघटना आहे. डब्लिनमधील क्रोक पार्कसारख्या ८२ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर अंतिम सामना खेळणारा खेळाडूही सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, बँकेत किंवा शेतावर कामाला जातो. त्याला पगार नसतो, त्याचा लिलाव होत नाही आणि अधिक पैसे मिळतात म्हणून तो केरी सोडून डब्लिनकडून खेळायला जात नाही. तो ज्या क्लबमध्ये वाढला तो क्लब ज्या काउंटीचा, ती त्याची काउंटी. प्रायोजकाचा पैसा काउंटी बोर्डाकडे जातो आणि त्यातून प्रवास, जेवण, फिजिओथेरपी आणि सरावाचा खर्च भागतो. त्यामुळे आयपीएलप्रमाणे ‘या कंपनीने हा संघ उभा केला’ असे इथे कोणी म्हणू शकत नाही. संघ आधीपासून असतो आणि कंपनी मागाहून येते.

ती येण्यालाही फार वर्षे झालेली नाहीत. जर्सीवर प्रायोजकाचे नाव छापण्यास जीएएने १९९१ मध्ये परवानगी दिली. त्याआधी व्यापाराचा वारा लागला नव्हता असे नाही. १९८५ च्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी, डब्लिनशी गाठ असताना, केरीचे खेळाडू अंगावर जेमतेम कपडे ठेवून बेन्डिक्सच्या धुलाई यंत्राभोवती उभे असलेली जाहिरात वृत्तपत्रात झळकली आणि संघटनेतील जुन्या मंडळींच्या भुवया चांगल्याच उंचावल्या. केरीने त्या दिवशी सामना जिंकला, त्यामुळे निदान त्यांच्या काउंटीत तरी कोणी फार बोलू शकले नाही.

परवानगी मिळाल्यावर जर्सीवर जी नावे आली ती पाहण्यासारखी आहेत, कारण त्यातील बहुतेक त्या-त्या काउंटीतीलच होती. केरीच्या हिरव्या-सोनेरी जर्सीवर १९९१ पासून केरी ग्रुप आहे. आपल्याकडच्या दूध संघासारख्या सहकारी संस्थेतून वाढत वाढत जगभर पसरलेली ही कंपनी आहे, आणि तिचे मुख्यालय आजही ट्रली या केरीतीलच गावी आहे. लॉन्गफर्डला ग्लेनन ब्रदर्स या लाकूड गिरणीने, फर्मानाला ट्रेसी काँक्रीटने आणि कॅव्हनला किंग्सकोर्ट येथे सुरू झालेल्या किंगस्पॅनने हात दिला. लीट्रिम ही आयर्लंडमधील सर्वांत कमी लोकवस्तीची काउंटी. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेला गेली, आणि अलीकडे तिच्या जर्सीवर न्यूयॉर्कच्या एका पबचे, जे. पी. क्लार्क्स सलूनचे, नाव आले. मला स्वतःला ही सगळ्यात बोलकी जर्सी वाटते. डब्लिनच्या छातीवर १९९१ पासून २००९ पर्यंत आर्नॉट्स होते. हेन्री स्ट्रीटवरच्या या मोठ्या दुकानात खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबेही नाताळची खरेदी करीत आली आहेत.

आता बहिष्काराविषयी. केरी ग्रुपचे चीज काही केवळ केरीत खपत नव्हते. डेनी हा सॉसेजचा जुना ब्रँडही २०२१ पर्यंत याच कंपनीकडे होता, आणि डब्लिन किंवा कॉर्कमधील एखाद्याने केरीकडून हरल्यावर सकाळच्या न्याहारीतून डेनीचे सॉसेज वगळल्याचे मी तरी पाहिले वा ऐकले नाही. मेयोचे उदाहरण आणखी मजेदार आहे. अनेक वर्षे त्यांच्या हिरव्या-लाल जर्सीवर एल्व्हरीज या क्रीडासाहित्याच्या दुकानांचे नाव होते. हे दुकान मुळात १८४७ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झालेले, परंतु पुढे ते मेयोतील कासलबार येथील एका व्यावसायिक कुटुंबाच्या हाती गेले आणि त्यामुळे त्याचा जीव मेयोत गुंतला. तरीही डब्लिनमधल्या त्याच दुकानांत डब्लिनचे समर्थक निमूटपणे बूट आणि चेंडू विकत घेत राहिले. फार तर ‘आमच्या पैशावर मेयोवाले हरायला येतात’ असा टोमणा ऐकू यायचा, आणि १९५१ नंतर एकदाही सॅम मॅग्वायर चषक, म्हणजे फुटबॉलचे अजिंक्यपद, न जिंकलेल्या मेयोला टोमणे मारायला कोणाला कारण लागत नाही.

अर्थात कंपन्या सावध असतातच. देशभर ग्राहक असलेल्या पुष्कळशा कंपन्या एका काउंटीच्या छातीवर नाव लावण्यापेक्षा स्पर्धेचे प्रायोजकत्व घेणे पसंत करतात. बँक ऑफ आयर्लंड १९९४ मध्ये फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेची प्रायोजक झाली, आणि २००८ पासून तीन प्रायोजकांची पद्धत आली, त्यात व्होडाफोन होती. तीच व्होडाफोन २०१० मध्ये डब्लिनच्या जर्सीवर दिसू लागली. म्हणजे सर्वांच्या मांडवातून उठून ती एका घरच्या पंगतीत जाऊन बसली. तरीही केरीच्या लोकांनी आपले मोबाइल क्रमांक बदलले नाहीत.

राग येतो तो अन्यत्र. एआयजी या अमेरिकी विमा कंपनीने २०१४ पासून डब्लिनची जर्सी घेतली तेव्हा हा करार पाच वर्षांसाठी सुमारे ४० लाख युरोंचा असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यानंतर २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे डब्लिनने अजिंक्यपद जिंकले, आणि देशभर पैशावरचा वाद पेटला. डब्लिन काउंटीची लोकसंख्या १४ लाखांहून अधिक, तर लीट्रिमची जेमतेम ३५ हजारांच्या आसपास. जाहिरातदार डोळे मोजतो, त्यामुळे डब्लिनच्या छातीची किंमत आणि लीट्रिमच्या छातीची किंमत कधीच एक होऊ शकत नाही. शिवाय खेळाच्या विकासासाठी जीएएच्या मध्यवर्ती निधीतून डब्लिनला मिळणारे अनुदान इतर काउंट्यांपेक्षा कितीतरी मोठे होते, आणि माझ्या मते लोकांना खरी बोच त्याची होती. ती खेळाडूंची पिढी हुशार आणि व्यवस्थापक जिम गॅविन शिस्तीचे होते, हे डब्लिनकरांचे म्हणणे खोटे नाही. परंतु हौशी खेळात सगळे सारखेच हौशी असावेत, ही अपेक्षाही चुकीची म्हणता येणार नाही. मीथ किंवा किल्डेअरचा माणूस ‘एआयजी’ ही अक्षरे बघून नाक मुरडत असे, ते त्या असमतोलामुळे. विमा कंपनीशी त्याचे काही वाकडे नव्हते. २०२४ पासून ती जागा स्टेसिटी या डब्लिनच्याच अपार्टमेंट-हॉटेल कंपनीने घेतली आहे आणि त्यानंतर ही कुरकूर बरीच खाली आली आहे. २०२४ मध्ये अर्मा आणि २०२५ मध्ये केरी जिंकल्याचाही त्यात वाटा आहेच.

कधी कधी तर भांडण प्रतिस्पर्ध्याशी नसून घरातच असते. गॉलवेचे प्रायोजक, सुपरमॅक्स या खाद्यगृहांच्या साखळीचे संस्थापक पॅट मॅकडोना, यांनी आपल्या पैशाचा विनियोग कसा झाला हे २०१८-१९ च्या सुमारास काउंटी बोर्डाला जाहीरपणे विचारले होते. आपण ज्या कॉर्कला जाणार आहात तिथेही जानेवारी २०२४ मध्ये मोठा गहजब झाला. तिथले पार्क ई क्वीव्ह हे मैदान जीएएचे दीर्घकाळ सरचिटणीस राहिलेल्या पाड्रिग ओ क्वीव्ह यांच्या नावाने आहे. सुपरव्हॅल्यू या कॉर्कच्याच किराणा साखळीशी करार करताना त्यांचे नाव वगळून ‘सुपरव्हॅल्यू पार्क’ असे नाव द्यायचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कुटुंबीयांपासून उपपंतप्रधानांपर्यंत सर्वांनी विरोध केला आणि अखेर मूळ नाव कायम ठेवून त्याच्या आधी कंपनीचे नाव जोडून प्रकरण मिटले. छातीवर जागा द्यायला लोक तयार असतात. पूर्वजाचे नाव पुसू द्यायला ते तयार नसतात.

एका बाबतीत मात्र काउंट्यांचे जवळजवळ एकमत झाले. जीएएच्या २०१८ च्या वार्षिक अधिवेशनात सट्टा कंपन्यांचे प्रायोजकत्व संघ, साहित्य, मैदान आणि स्पर्धा या सर्वांसाठी बंद करण्याचा ठराव ९० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये आला तेव्हा भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन गेले, हे आपल्याला आठवत असेल. इथे हा निर्णय सरकारने नव्हे, तर संघटनेच्या प्रतिनिधींनी सात वर्षे आधी स्वतःच घेतला. जुगाराच्या व्यसनाविषयी काही खेळाडू उघडपणे बोलले होते, त्याचा परिणाम मोठा होता.

मैदानावरील वैराचे स्वरूपही ध्यानात घ्या. युरोपीय फुटबॉलमध्ये पाहुण्या समर्थकांना कुंपणाआड वेगळे बसवतात, तसे इथे नसते. क्रोक पार्कच्या स्टँडमध्ये डब्लिनचा माणूस आणि केरीचा माणूस एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांना डिवचतात आणि मध्यंतरात एकाच थर्मासमधला चहा घेतात. अपवाद म्हणजे हिल १६ हा उभ्याने सामना पाहण्याचा भाग, जो डब्लिनकर आपली जहागीर मानतात. २००६ च्या उपांत्य सामन्याआधी मेयोचे खेळाडू मुद्दाम त्या टोकाला जाऊन सराव करू लागले, डब्लिनचे खेळाडूही तिथेच आले आणि सामना सुरू होण्यापूर्वीच ढकलाढकली झाली. मेयोने तो सामना एका गुणाने जिंकला. आजही कार्यालयातल्या मेयोच्या सहकाऱ्याला तो दिवस आठवला की चेहरा उजळतो, अंतिम सामन्यात पुढे केरीने त्यांची धूळधाण केली हे तो सांगत नाही.

वैर किती बारीक असू शकते याचे उदाहरण म्हणजे बॅलाहाडरीन हे गाव. १८९८ च्या सुमारास प्रशासकीय हद्द बदलून ते रॉसकॉमन काउंटीत गेले, पण तिथला जीएए क्लब मेयोतच राहिला. २०१७ चा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू अँडी मोरन याच क्लबचा, म्हणजे टपालाच्या पत्त्याने रॉसकॉमनचा आणि जर्सीने मेयोचा. तिथे मेयो-रॉसकॉमन सामन्याच्या आठवड्यात एकाच रस्त्यावर दोन्ही काउंट्यांची निशाणे फडकतात.

आता आपली जर्सी. कॉर्कमध्ये डब्लिनची जर्सी घालून फिरल्याने आपल्याला कोणी त्रास देणार नाही, पण बसमध्ये, वर्गात आणि पबमध्ये प्रत्येक जण काहीतरी बोलेल, कारण कॉर्ककर आपल्या शहरालाच खरी राजधानी म्हणतात आणि डब्लिनकडून आलेली कोणतीही गोष्ट त्यांना चघळायला आवडते. आपण मुंबईचे की नागपूरचे हे सांगून आपली सुटका होणार नाही, उलट ‘मग डब्लिनच का?’ हा प्रश्न अधिक जोरात येईल. सामन्याच्या दिवशी, विशेषतः म्युन्स्टर प्रांताच्या अंतिम फेरीला केरी तिथे आले असेल तर, लाल-पांढरी कॉर्कची जर्सी घाला. कॉर्कमध्ये फुटबॉल आणि हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) दोन्ही संघ तीच जर्सी घालतात, त्यामुळे ती वर्षभर उपयोगी पडते. छातीवर कोणती कंपनी आहे हे पाहू नका, कारण दर काही वर्षांनी ती बदलते: नव्वदच्या दशकात बॅरीज टी हा तिथलाच चहा होता, २०२१ पासून स्पोर्ट्स डायरेक्ट ही ब्रिटिश साखळी आली. नवी जर्सी महाग वाटली तर धर्मादाय दुकानांत जुन्या मिळतात, आणि बॅरीजची जुनी जर्सी सापडली तर ती नव्यापेक्षा अधिक मानाची समजली जाते.