पोलिसांना गंभीर ॲलर्जीच्या रिॲक्शनवर काय करायचं याचं ट्रेनिंग द्यावं का, की ते डॉक्टरांचंच काम आहे?

द्यावं. दोन तासांचं पुरे, पण द्यावं. मी स्वतः ८७ च्या बॅचचा, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

आमच्या वेळी प्रथमोपचार म्हणजे त्रिकोणी पट्टी, मोडलेल्या हाताला फळी, आणि बुडालेल्याला पालथा घालून पाठ दाबायची. ॲलर्जी हा शब्द मी नोकरीला लागल्यावर कित्येक वर्षांनी ऐकला, आणि तो पण बायकोला कोळंबी चालत नाही म्हणून. माणूस ॲलर्जीने अर्ध्या तासात जाऊ शकतो हे मला कळलं २०१४ साली, एका किल्ल्यावर बंदोबस्ताला असताना. नाव लिहीत नाही.

सकाळी अकराची वेळ, गर्दी भरपूर. कुठल्यातरी ग्रुपने कड्याच्या खालच्या अंगाला तीन दगड मांडून चूल पेटवली आणि धूर सरळ वर कपारीला, आणि तिथं आग्या मोहोळ. उठलं. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळणार नाही. लोक पायऱ्यांवरून एकमेकांच्या अंगावर पडत खाली. आम्ही सहा जण आणि दोन होमगार्ड, एका मास्तरांना डोक्यात कानात मिळून पन्नास-साठ तरी डंख असतील, सगळे त्यांच्यामागे लागलो. घोंगडी टाकली, उचललं, वॉकीवर ओरडलो की जीप वर घ्या जेवढी येईल तेवढी.

आणि एक बावीस-तेवीसचा पोरगा बाजूला पायरीवर बसलेला. मी विचारलं तुला किती रे, तर म्हणला काका मला दोनच, एक मानेला एक कानामागे. दोनच म्हणल्यावर मी पुढं गेलो. परत येताना बघतो तर हा दोन्ही तळहात दगडी कठड्यावर घासतोय, कीस काढल्यासारखे, आणि मानेपासून पोटापर्यंत गांधी उठलेल्या. ताकवाल्या मावशी म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. लावलं पण. त्याला उलटी झाली, आम्हाला वाटलं भीतीने. मग आवाज घोगरा झाला, म्हणतोय काका घशात काहीतरी अडकलंय. मी काय केलं? पाणी पाजलं आणि म्हणलं चल ऊठ, खाली जीप आलीय, धर माझा खांदा.

दहा-बारा पायऱ्या उतरला आणि माझ्या हातातच मान टाकली. मनगटाला नाडी लागेना.

पुढं जे बरोबर झालं ते अकलेने नाही, जागेमुळे झालं. पायऱ्या उतरत्या, तो पडला तेव्हा पाय वरच्या पायरीला आणि डोकं खालच्या, तसाच राहिला मिनिटभर आणि डोळे उघडले. होमगार्डचा पोरगा त्याला बसता करायला निघाला तर मावशीच ओरडल्या, राहू द्या की त्याला आडवा. मग आडवाच बांबूच्या झोळीतून खाली नेला. अशा रिॲक्शनमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी ढासळतं, माणूस उभा केला की उरलंसुरलं रक्त पायात उतरतं आणि हृदयाला पंप करायलाच काही राहत नाही. चांगला बोलणारा माणूस उभा केला म्हणून जातो. हे मला नंतर दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं. तेव्हा मला कुणी एवढं एकच वाक्य शिकवलेलं असतं की आडवा ठेव, पाय वर कर, तर मी त्याला चालवला नसता. बारा वर्षं झाली, त्या बारा पायऱ्या मला अजून आठवतात.

जीपमध्ये मागच्या बाकावर आडवा घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचायला पंचवीस मिनिटं. तिथले डॉक्टर नवीन, त्यांनी एविल दिलं, म्हणजे खाजेचं इंजेक्शन, डेक्सा दिलं, म्हणजे स्टिरॉइड, सलाईन लावलं. पोरगा निळसर पडायला लागलेला, श्वासाला शिट्टी. पन्नाशीच्या सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या सर ॲड्रेनलिन. डॉक्टर म्हणाले हार्टला काही झालं तर. सिस्टर म्हणाल्या, नाही दिलं तर हार्ट राहणार नाही. ते दोन सेकंद थांबले आणि मान हलवली. छोटी काचेची ॲम्प्यूल, १ मिलीची, त्यातलं अर्धं ओढून मांडीला बाहेरच्या बाजूने, पॅन्ट न काढता. मी घड्याळ बघत होतो, सवय आमची, डायरीला वेळ लागते. सहाव्या मिनिटाला पोरगा म्हणला, काका माझा मोबाईल कुठंय.

एविल आणि डेक्सा वाईट नाहीत, पण ती नंतरची. खाज कमी करतात, जीव वाचवत नाहीत. ही रिॲक्शन ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अख्ख्या अंगावर येणारी जीवघेणी ॲलर्जी, असेल तर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, आणि फरक नाही पडला तर पाच ते पंधरा मिनिटांनी परत. औषध चहा-वड्याच्या पैशात मिळतं, गोष्ट महागडी नाहीच.

आता माझे साडू. फिजिशियन आहेत, शहरात मोठी प्रॅक्टिस, माणूस चांगला. पण हा किस्सा सांगून मी म्हणलं की पोलिसांना हे शिकवायला पाहिजे, तर जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, पोलिसाच्या हातात सुई म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. लोक हसले. मी पण हसलो, काय करणार, सासुरवाडी. तेव्हापासून दर लग्नाबारशाला हा वाद आहे. त्यांचं म्हणणं, डोस चुकला, शिरेत गेला, तर माणूस मारशील. हे खरंच आहे, ॲम्प्यूल फोडून सिरिंजमध्ये भरणं शिपायाने करू नये, मी पण तसं कधी म्हणलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की जत्रा, पालखी, किल्ला, ॲक्सिडेंट, कुठंही पहिला पोचतो तो खाकीतला माणूस. तुमचा एमडी तिथं नसतो. आणि ॲड्रेनलिन द्यायला कचरत होता तो कोण होता, पोलीस होता का?

अमेरिकेत काही ठिकाणी पोलिसांच्या गाडीत पेन ठेवतात, मोजलेला डोस भरलेलं इंजेक्शन, मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते मेडिकलमध्ये सहजी मिळत नाही, आणि तिकडे पण २०१६ ला दोन पेनच्या पाकिटाची किंमत ६०० डॉलरच्या वर गेली म्हणून बोंबाबोंब झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडच्या एफडीएने नाकात मारायच्या ॲड्रेनलिन स्प्रेला मंजुरी दिली. म्हणजे सुईचा प्रश्नच मिटला. साडूंना ती बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

बरं, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. काय शिकवायचं? ओळखायला शिकवा. डंख, गोळी, इंजेक्शन, खाणं, यातलं काही झाल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी आणि सोबत धाप, उलट्या, घोगरा आवाज नाहीतर चक्कर, असं दोन ठिकाणी एकदम दिसलं की पित्त म्हणून सोडायचं नाही. डंख मोजत बसायचं नाही. आडवा, पाय वर. धाप जास्त असेल तर पाठ टेकवून बसवा पण उभा नको, चालवत तर अजिबात नको. १०८ ला फोन, आणि बिनतारीवरून पुढच्या दवाखान्याला आधी कळवा की असा पेशंट येतोय, ॲड्रेनलिन काढून ठेवा. हे सगळं बंदोबस्ताच्या स्कीममध्ये एका ओळीत बसतं, जवळचा दवाखाना कुठला आणि तिथं ॲड्रेनलिन आहे का. मी तेव्हा साहेबांना ही ओळ घाला म्हणलं होतं, साहेब म्हणाले हवालदार आहेस, हवालदारकी कर. कुणी मेलं की आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, ते मला झोपेत पण येतं.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही. दर वेळी गांधी उठतीलच असं नाही, नुसतं बीपी पडून पण माणूस जातो. उलट पन्नास-साठ डंख म्हणजे ॲलर्जी नसली तरी विष जास्त, किडनीवर येतं, त्या मास्तरांना आठवडाभर ॲडमिट ठेवावं लागलं. आणि उद्या पेन मिळालेच तर जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्याच्या उन्हात औषध खराब होतं, शिवाय एक्सपायरी बघत राहावी लागते, आमच्या खात्यात फर्स्ट एड बॉक्समधलं आयोडीन किती साली भरलेलं असतं हे माहीत असलेले समजून जातील.

आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी सोडू नका. तो पोरगा दुपारी दोनला चहा मागत होता, मित्र गाडी घेऊन दारात उभे, डॉक्टर कागद करायला बसलेले. सिस्टर म्हणाल्या रात्र काढू दे इथं. रात्री साडेनऊला परत गांधी उठल्या, परत धाप, आणि या वेळी कुणी सांगायच्या आत डॉक्टरांनी स्वतःच ॲम्प्यूल फोडली.