फॉर्म भरला तुम्ही, शिकणार ती

(अमळनेरच्या एका वडिलांचं पत्र : मुलीला सीईटीत ८६ पर्सेंटाइल. तिला आपल्या भेगा आपणच बुजवणाऱ्या काँक्रीटवर संशोधन करायचंय. वडिलांनी परस्पर ऑप्शन फॉर्ममध्ये सगळीकडे कॉम्प्युटर भरलंय. ‘हे खूळ तिच्या डोक्यातून काढा,’ म्हणतात.)

भाऊसाहेब, नमस्कार.

पर्सेंटाइलची चिंता नाही. चिंता तुमच्या एका वाक्याची आहे : ‘ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो, तिला अजून माहीत नाही.’ हे चुकलं. चार वर्षं वर्गात तिने बसायचं, बॅकलॉग राहिला तर तिने काढायचा, आणि शाखा कोणती ते तिला अलॉटमेंट लागल्यावर कळणार? पहिल्या पसंतीची जागा लागली की पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. फॉर्म कन्फर्म व्हायच्या आत, आजच, तो तिच्यासमोर उघडा. ती रागावेल; ऐकून घ्या. तिच्या शिक्षणासाठी शेत गहाण ठेवायची तयारी आहे, ही तुमची माया खरी. पण पैसा तुमचा म्हणून निवडही तुमची, असं होत नाही. आणि खूळ काढायचं काम मी करणार नाही, कारण ते खूळ नाही.

तुम्ही विचारता, ‘भेगा आपोआप भरल्या तर सिव्हिलवाल्यांना काम काय उरणार?’ भरपूर उरतं. साध्या काँक्रीटमध्येही थोडं सिमेंट न भिजता राहिलेलं असतं. पाणी मिळालं की ते काम करू लागतं, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, साचतं आणि ०.१-०.२ मिलिमीटरच्या भेगा बुजतात. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात हेन्क योंकर्स यांनी चुनखडी तयार करणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू (त्यांचं सुप्त, चिवट रूप) आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट मिसळून ही मर्यादा वाढवली, तरी ती मिलिमीटरच्या आतच. त्यानेही पाणी आत शिरायचं थांबतं, सळई वाचते. गेलेली ताकद फारशी परत येत नाही. पाया खचल्याने पडलेली भेग तर अशी भरतच नाही, कारण ती वाढत राहते. सिमेंटचा पीएच १२-१३, म्हणजे ते फार अल्कधर्मी. तिथे बीजाणूच तग धरतात, पण छिद्रं आक्रसली की तेही चिरडतात. म्हणून त्यांना भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र खड्यांत भरतात, आणि खडे जास्त झाले की काँक्रीट कमजोर होतं. त्यात खान्देशात भेग आठ महिने कोरडी, उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर. पाणी आणायचं कुठून? हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे.

तिची आवड टिकाऊ आहे का, ते घरी तपासता येतं. वजनाने १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू, अर्धा भाग पाणी. १६ सेंटिमीटर लांब, ४ बाय ४ जाडीच्या सहा कांड्या ओताव्यात. आत बारीक तारेची जाळी हवीच, नाहीतर भेग पाडताना दोन तुकडे होतात. सात दिवस पाण्यात ठेवून हलकेच वाकवून केसाएवढी भेग पाडायची. तीन कांड्या पाण्याच्या बादलीत, तीन गच्चीवर कोरड्या. २८ दिवस, दर आठवड्याला त्याच जागेचा फोटो. भेगेत पांढरं साचलं तर ते खरवडून त्यावर व्हिनेगर टाकावं. फसफसलं तर कार्बोनेट. हातमोजे घालूनच, सिमेंटने कातडी भाजते. तिसऱ्या आठवड्यातही नोंदी नीट असतील तर तिला अडवू नका.

तिलाही एक सांगा : ‘भेगा बुजवणारं काँक्रीट’ या नावाची पदवी नसते. सिव्हिल, केमिकल किंवा मेटलर्जी करून गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा), नाहीतर बी.एस्सी. केमिस्ट्री, मग जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि नेट (संशोधनवृत्तीची परीक्षा). जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी वृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. नोकऱ्या काँक्रीटची रसायनं, रंग, कोटिंग यांत आहेत. २००१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट यांच्या गटाने प्लास्टिकमध्ये द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. तडा गेला की कुपी फुटते आणि द्रव तिथेच घट्ट होतो. हीच युक्ती गंजरोधक रंगांत वापरतात. जळगावला विद्यापीठाच्या आवारातच रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. फोन करून वेळ घ्या आणि बापलेक दोघं मिळून तिथली प्रयोगशाळा बघून या.