जुन्या संगणकाला कोणता प्लेयर?

प्रश्न : शाळेत विंडोज एक्सपीचा पेंटियम ४ संगणक आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरचे सेटअप चालवले की ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ असा मेसेज येतो. कोणते व्हर्जन घ्यावे?
– एक शिक्षक, जिंतूर

उत्तर : ६४-बिटचे सेटअप ३२-बिट विंडोजवर चालवले की हा मेसेज येतो. डाउनलोड अर्धवट झाले असले तरी हेच दिसते, म्हणून फाइलचा आकार वेबसाइटवरच्या आकाराशी ताडून पाहा. फाइलच्या नावात ‘विन३२’ हवे, ‘विन६४’ नको.

आधी ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘सर्व्हिस पॅक ३’ लिहिलेले असेल तर व्हीएलसीची ३.० मालिका चालते. पण रॅम ५१२ एमबी असेल तर आमचे मत २.२.८ला, मशीनवर भार कमी पडतो. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या वेबसाइटवर जुनी व्हर्जन्स ठेवलेली आहेत, तिथूनच घ्या. पाच प्लेयर एकत्र देणाऱ्या अनोळखी साइट नकोत, त्यांतून हमखास नको ते घुसते.

एक्सपीच्या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या साइट उघडत नाहीत. सेटअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने न्या. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले, त्यामुळे हा संगणक नेटला न जोडलेलाच बरा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. जागा शिल्लक असूनही कॉपी होत नाही, ती यामुळे.

विंडोज मीडिया प्लेयर १२ शोधत बसू नका. ते विंडोज ७पासूनचे. एक्सपीला ११ ही हद्द. के-लाइट कोडेक पॅक (व्हिडिओ-ऑडिओ उलगडणाऱ्या कोडेकचा संच) टाकायचाच असेल तर एक्सपीसाठी शेवटचा १३.८.५.

आवाज येतो पण पडदा काळा, असे झाले तर व्हीएलसीत कंट्रोल आणि पी दाबा, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘आउटपुट’ला डायरेक्टड्रॉ निवडा, सेव्ह करून प्लेयर बंद करून पुन्हा उघडा.

प्रश्न : मोबाइलवर काढलेला कीर्तनाचा व्हिडिओ जुन्या संगणकावर अडखळतो. आवाज पुढे, चित्र मागे. प्लेयर बदलू का?
– एक वाचक, औसा

उत्तर : प्लेयर बदलून फरक पडणार नाही. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकच्या रकान्यात ‘एचईव्हीसी’ किंवा ‘एच.२६५’ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एकच नवी पद्धत) दिसले तर दुखणे तेच : ते उलगडायला जुन्या प्रोसेसरची ताकद पुरत नाही आणि ग्राफिक्स कार्डाचीही मदत मिळत नाही. नव्या संगणकावर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने तो जुन्या एच.२६४ पद्धतीत, ४८० ओळींवर, एमपी४ करून घ्या. कीर्तनाला एवढे पुष्कळ झाले. पुढच्या वेळी मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ व्हिडिओ बंद ठेवा. फाइल मोठी होईल, पण चालेल.