गर्भ, बाळ आणि हार्मोनांत ढवळाढवळ करणारी रसायनं: वाचकांचे प्रश्न

प्लास्टिक, कीटकनाशकं आणि सौंदर्यप्रसाधनं यांतली काही रसायनं शरीरातल्या हार्मोनांची नक्कल करतात किंवा त्यांची वाट अडवतात. गर्भारपणात आणि बाळपणी त्यांचा काय परिणाम होतो, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

हे सगळं उंदरांवरच सिद्ध झालंय ना? माणसांमधलं एखादं तरी पक्कं उदाहरण आहे का? (नाशिक)

आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोनाची नक्कल, १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. गर्भपात टळेल या समजुतीने अमेरिकेत १९४० च्या दशकापासून ते लाखो गर्भवतींना दिलं गेलं. रूढ पद्धतीत सातव्या-आठव्या आठवड्यात रोज ५ मिलिग्रॅमने सुरुवात व्हायची आणि मात्रा वाढवत वाढवत ३५ व्या आठवड्यापर्यंत रोज १२५ मिलिग्रॅमवर न्यायची. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या चाचणीत या गोळ्यांनी गर्भपात टळत नाही हे स्पष्ट झालं. तरीही त्या पुढे अठरा वर्षं लिहून दिल्या जात होत्या, हे फार वाईट झालं.

१९७१ मध्ये बॉस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या एका अतिदुर्मीळ कॅन्सरच्या आठ तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आठपैकी सात जणींच्या आयांनी त्यांच्या वेळच्या गर्भारपणात डीईएस घेतलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध देऊ नका असं डॉक्टरांना कळवलं. डीईएस घेतलेल्या आयांच्या मुलींमध्ये हा कॅन्सर साधारण हजारात एकीला होतो. पण त्याहून कितीतरी जास्त जणींना त्रास झाला तो मूल होण्याच्या वेळी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित पाहणीत ४५ वर्षांपर्यंत वंध्यत्वाचं प्रमाण या मुलींमध्ये ३३.३ टक्के होतं, तर आईने औषध न घेतलेल्या मुलींमध्ये १५.५ टक्के. मुदतीआधी प्रसूतीचं प्रमाण ५३.३ विरुद्ध १७.८ टक्के.

असं का होतं? प्रौढ बाईच्या शरीरात बाहेरून आलेलं इस्ट्रोजेन निघून गेलं की त्याचा बराचसा परिणाम ओसरतो, कारण तिचे अवयव घडून झालेले असतात. गर्भात त्याच वेळी गर्भाशय आणि योनिमार्ग आकार घेत असतात. कोणत्या पेशीने पुढे काय व्हायचं, हे हार्मोनांच्या इशाऱ्यावर ठरत असतं. चुकीच्या आठवड्यात चुकीचा इशारा गेला की गर्भाशय इंग्रजी टी अक्षरासारखं घडतं, किंवा योनिमार्गात जिथे नकोत तिथे ग्रंथींच्या पेशी राहून जातात. औषध शरीराबाहेर गेलं तरी घडण तशीच राहते आणि वीस-तीस वर्षांनी समोर येते. गोळ्या गर्भारपणात जितक्या लवकर सुरू झाल्या, तितके हे बदल जास्त आढळले.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. डीईएस हे औषधाच्या मात्रेत, महिनोन्महिने दिलं गेलं. डब्यातून किंवा बाटलीतून पोटात जाणारं रसायन त्याच्या अतिशय लहान अंशाएवढं असतं. म्हणून डीईएसचे आकडे प्लास्टिकला चिकटवणं चूक आहे. डीईएसने सिद्ध केलं ते एवढं: माणसाच्या गर्भातही ठरावीक काळ असा असतो, जेव्हा झालेला बदल आयुष्यभर राहतो.

मला तिसरा महिना लागलाय. घरातलं सगळं प्लास्टिक फेकून द्यायचं का? नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं? (डोंबिवली)

सगळं फेकू नका. कोरडे डाळ-तांदूळ, रवा, पोहे प्लास्टिकच्या डब्यात असले तर त्याने फारसा फरक पडत नाही. उष्णता, तेल-तूप आणि आंबट पदार्थ या तिघांशी प्लास्टिकचा संबंध तोडा.

तुमचा काळ महत्त्वाचा आहे हे खरं. मुलगा असेल तर साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात त्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन तयार होऊन जननेंद्रियांची घडण होते. प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या थॅलेट नावाच्या रसायनांपैकी काही नेमकं हेच टेस्टोस्टेरॉन कमी करतात. उंदरांत हे पक्कं दिसलंय. माणसांतही आईच्या लघवीतलं थॅलेटचं प्रमाण आणि नवजात मुलाच्या गुदद्वार ते जननेंद्रिय या अंतरातली घट यांचा संबंध २००५ पासून अनेक पाहण्यांत दिसला आहे. थायरॉइडचंही तसंच. निम्मं गर्भारपण होईपर्यंत बाळाच्या मेंदूला मुख्यतः आईचंच थायरॉइड हार्मोन मिळतं.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचा डबा ठेवायचा नाही, त्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी. त्या शिक्क्याचा अर्थ डबा वितळणार नाही एवढाच असतो. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. गरम भाजी, वरण, आमटी डब्यात भरायची तर स्टीलचा डबा. हॉटेलातून सांबार किंवा रस्सा आणायचा तर घरून स्टीलचा डबा न्या, पातळ पिशवीत उकळतं सांबार बांधून आणू नका. लोणचं आणि तेल बरणीत ठेवा, काचेच्या किंवा चिनी मातीच्या.

पाण्याचा २० लिटरचा कडक, पारदर्शक निळसर जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. तळाशी त्रिकोणात ७ किंवा ‘पीसी’ लिहिलेलं दिसेल. या प्लास्टिकचा मूळ घटकच बीपीए (बिस्फेनॉल ए), इस्ट्रोजेनची नक्कल करणारं रसायन. अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये झालेल्या एका प्रयोगात (२००८) पॉलिकार्बोनेटच्या नव्या आणि कित्येक वर्षं वापरलेल्या बाटल्यांतून साध्या तापमानाच्या पाण्यात सारखंच बीपीए उतरलं. उकळतं पाणी घातल्यावर मात्र वेग १५ ते ५५ पट झाला. म्हणजे बाटली किती जुनी यापेक्षा पाणी किती गरम हे महत्त्वाचं. भर उन्हात टेंपोत तापलेला जार घेऊ नका. आलेलं पाणी लगेच स्टीलच्या पिंपात किंवा माठात ओतून ठेवा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा आधीच्यापेक्षा २०,००० पट खाली आणली आणि २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंत त्यावर बंदीचा निर्णय घेतला. तेव्हा ही सावधगिरी अवाजवी नाही.

दुकानातल्या आणि एटीएमच्या चकचकीत पावतीवर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद, आणि त्यावर बहुधा बीपीए किंवा त्याचाच भाऊ बीपीएस मोकळा पसरलेला असतो. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या ओल्या हाताने अशी पावती धरली तर त्वचेतून ते जास्त शिरतं. काउंटरवर बसायचं काम असेल तर नायट्राइलचे हातमोजे घाला.

अत्तरं, सुगंधी टाल्कम, नेलपॉलिश हे नऊ महिने बाजूला ठेवलेत तर काहीच बिघडत नाही. आणि मीठ बदलू नका. सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून रोज वापरायची पद्धत सध्या पसरते आहे, पण त्यात पुरेसं आयोडीन नसतं. गर्भवतीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. काही रसायनं आयोडीनला थायरॉइडपर्यंत पोचू देत नाहीत. आधीच आयोडीन कमी असलेल्या बाईला त्यांचा फटका जास्त बसतो. आयोडीनयुक्त मीठच वापरा आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

बाळ दोन महिन्यांचं आहे, दूध पुरत नाही म्हणून पावडरचं दूध द्यावं लागतंय. बाटली कोणती घ्यावी? (कोल्हापूर)

आधी स्तनपान पुन्हा वाढवता येतं का, हे बालरोगतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. आईच्या दुधात रसायनं उतरतात हे ऐकून काही जणी अंगावरचं तोडतात, ते करू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने फक्त आईच्याच दुधाचा आहे.

वरचं दूध द्यावंच लागलं तर वाटी-चमचा किंवा स्टीलचं, चांदीचं बोंडलं सगळ्यात उत्तम. प्लास्टिकचा प्रश्नच मिटतो आणि धुवायलाही सोपं. बाटलीच हवी असेल तर काचेची. भारतीय मानकानुसार २०१५ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्या बीपीएमुक्त असायला हव्यात, तरी जत्रेतली किंवा शिक्का नसलेली बाटली घेऊ नका.

कृती अशी. पाणी खळखळून उकळा. ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मोजून घ्या. पावडरीतले जंतू मरायला एवढी उष्णता लागते, म्हणून कोमट पाण्यात पावडर मिसळू नका. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पावडर घाला, चमचा सपाट करून. भांडं गार पाण्यात ठेवून दूध अंगाच्या तापमानाला आणा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, आणि मगच बाटलीत ओता. इथे बहुतेक जण चुकतात: उकळतं पाणी थेट प्लास्टिकच्या बाटलीत ओततात आणि जोरजोरात हलवतात. बाटली पॉलिप्रॉपिलिनची असेल तर त्यात बीपीए नसतं, पण आयर्लंडमध्ये २०२० मध्ये झालेल्या तपासणीत अशाच बाटल्यांतून ७० अंशांच्या पाण्यात लिटरमागे लाखो सूक्ष्मकण सुटलेले दिसले. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलेलं दूध टाकून द्या.

बाळाखालचं मेणकापड नवं असताना उग्र वास मारतं आणि हाताला किंचित तेलकट लागतं. ते पीव्हीसीचं असेल तर त्या वासाबरोबर ते मऊ ठेवणारी थॅलेटही बाहेर येत असू शकतात. धुऊन दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका, आणि वापरताना त्यावर दुपट्याची जाड घडी हवीच. बाळ रांगायला लागलं की जमिनीवरची धूळ हातातून तोंडात जाते. त्यामुळे कोरड्या केरसुणीपेक्षा ओल्या फडक्याने रोज लादी पुसणं जास्त उपयोगाचं. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, तो बघून घ्या.

आमची कपाशी आहे. बायको चौथ्या महिन्यात आहे, निंदणीला जाते. फवारणीचा बाळाच्या पुढच्या आयुष्यावर परिणाम होतो का? (यवतमाळ)

होऊ शकतो. तिला फवारणीच्या हंगामात शेतातून बाजूला काढा, हे सगळ्यांत आधी.

केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीसहून जास्त वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या १० ते १९ वयाच्या ११७ मुलांची तुलना फवारणी नसलेल्या गावातल्या ९० मुलांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फवारणीच्या गावातली मुलं वयात उशिरा येताना दिसली, आणि त्यांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त, तर टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी आढळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. डीडीटीचा पुरावा कॅलिफोर्नियातला आहे. तिथे १९५९ ते १९६७ या काळात गर्भवतींचं रक्त जपून ठेवलं होतं. त्यांच्या मुली ५२ वर्षांच्या होईपर्यंत नोंदी ठेवल्या. ज्यांच्या आईच्या रक्तात डीडीटीचा एक प्रकार सर्वांत जास्त होता, त्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटाच्या ३.७ पट निघाला.

फवारलेल्या वावरात परत कधी जायचं ते डब्यावरच्या पत्रकात दिलेलं असतं, तेवढे दिवस थांबा. तुम्ही फवारून आलात की घराबाहेरच कपडे बदला, साबणाने आंघोळ करा, मगच घरात वावरा. ते कपडे तिने धुवायचे नाहीत, आणि घरच्या कपड्यांत मिसळायचेही नाहीत. डबे तीनदा खळाळून, ते पाणी पंपातच ओतून, मग भोकं पाडून मोडीत टाका. रिकाम्या डब्यात पाणी, रॉकेल, धान्य भरायची सवय आजही आहे आणि तीच सर्वांत घातक. पंप आणि औषध झोपायच्या खोलीत नको.

मुलगी साडेसात वर्षांची आहे, छातीत गाठ लागते आहे. दुधाची इंजेक्शनं आणि ब्रॉयलर कोंबडीमुळे असं होतं म्हणतात. (सोलापूर)

दूध आणि कोंबडी यांवर वेळ घालवू नका. गाई-म्हशींना पान्हा सुटायला टोचतात ते ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांचं असतं आणि पोटात पचून जातं. जनावराला ते टोचणं अर्थातच चूक आहे, पण तुमच्या मुलीच्या छातीतल्या गाठीचं कारण ते नाही. ब्रॉयलर लवकर वाढतं ते निवडक पैदास आणि खाद्यामुळे.

मुलीला आठ वर्षांच्या आत आणि मुलाला नऊच्या आत वयात येण्याची खूण दिसली तर तपासणी लागते. मुलींमध्ये बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, लठ्ठपणाशी मात्र संबंध दिसतो. घरात कोणी हार्मोनचं क्रीम किंवा जेल अंगाला लावत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्पर्शातून ते मुलांच्या अंगात जातं. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे जा, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, वयात आणणारी एलएच-एफएसएच ही हार्मोनं तपासतात. सहा महिने ‘बघू’ म्हणत थांबू नका. हाडं लवकर पिकली तर उंची कमी राहते, आणि वयात येणं लांबवणारी इंजेक्शनं वेळेत सुरू झाली तरच उपयोगी पडतात.

रक्तातलं बीपीए तपासून ‘डिटॉक्स’ करता येतं का? (ठाणे)

गरज नाही आणि उपयोगही नाही. बीपीए काही तासांत लघवीवाटे निघून जातं, बहुतेक थॅलेट एका दिवसात. आजचा आकडा कालच्या जेवणाचा असतो. डीडीटीसारखी रसायनं चरबीत वर्षानुवर्षं राहतात, ती कोणत्याही रसाने किंवा काढ्याने बाहेर पडत नाहीत. गर्भारपणात उपास करून वजन उतरवायचा प्रयत्न तर अजिबात नको: चरबी वितळली की तिच्यात साठलेलं पुन्हा रक्तात येतं.