घड्याळाच्या डायलवर नाव, लोगो आणि मजकूर किती असावा? तुम्हाला काय आवडतं?

मला विचाराल तर वर एक नाव आणि खाली फार तर एक ओळ, बास. तुम्ही लिहिलंय की एकाच घड्याळाचे दोन प्रकार समोर आहेत, एकावर नुसतं कंपनीचं नाव आणि दुसऱ्यावर लोगो, मॉडेल, किती मीटर पाणी चालतं ते, प्रमाणपत्र असं सगळं छापलंय, शिवाय अजिबात लोगो नसलेलं डायल कसं वाटेल हेही विचारलंय. तिन्हीबद्दल सांगतो, उत्तर थोडं लांबेल कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

डायलवरचा निम्मा मजकूर घालणाऱ्यासाठी नसतोच, तो विकत घेणाऱ्यासाठी असतो. म्हणजे माणूस तोच, पण काउंटरसमोर उभा असतानाचा. 'ऑटोमॅटिक' हा शब्द बघा, घड्याळ घेताना तो कामाचा आहे, पण एकदा हातात बांधल्यावर ते आपोआप चावी भरतं हे मला माहीतच असतं, मग पुढची वीस वर्षं तो शब्द मी का वाचायचा? जुन्या घड्याळांवर '१७ ज्वेल्स' (म्हणजे मशीनमधले घर्षण कमी करणारे खडे), 'अँटिमॅग्नेटिक', 'शॉकप्रूफ' असं लिहिलेलं असायचं तेही याच कारणाने, तेव्हा या गोष्टी सगळ्यांकडे नव्हत्या म्हणून त्या मिरवायच्या होत्या. ही सगळी माहिती मागच्या झाकणावर कोरावी, तिथे भरपूर जागा असते आणि ज्याला हवी तो घड्याळ उलटं करून वाचतो.

पाण्याच्या आकड्याबद्दल तर माझं मत जरा कडकच आहे. डायलवर '३० मी' छापलं की बघणाऱ्याला वाटतं हे घालून तीस मीटर खोल जाता येतं, प्रत्यक्षात तो आकडा प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा असतो आणि असं घड्याळ हात धुताना उडणारे शिंतोडे, पाऊस यापलीकडे नेऊ नये. म्हणजे जागा अडवायची आणि वर गैरसमजही करून द्यायचा. खऱ्या डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या, घड्याळावर २०० किंवा ३०० मीटर लिहिलेलं चालतं, तिथे तो आकडा त्या वस्तूच्या कामाशी जोडलेला आहे, पण तिथेही 'फूट' आणि 'मीटर' दोन्ही कशाला हे मला कळत नाही.

प्रमाणपत्राच्या ओळीला मात्र मी थोडी सूट देतो. 'क्रोनोमीटर' हा शब्द स्विस घड्याळावर असाच छापता येत नाही, त्याच्या मशीनची सीओएससी या संस्थेत १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत चाचणी होते आणि रोजचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत लागतो. हे बाहेरच्या माणसाने तपासून दिलेलं आहे, कंपनीने स्वतःची पाठ थोपटलेली नाही, म्हणून ती ओळ डोळ्यांत खुपत नाही. पण एकच शब्द पुरे ना! रोलेक्स सबमरीनर डेटच्या खालच्या अर्ध्यात चार ओळी आहेत, मॉडेलचं नाव, किती खोल पाण्यात चालतं ते, मग 'सुपरलेटिव्ह क्रोनोमीटर' आणि त्याखाली 'ऑफिशियली सर्टिफाइड', आणि वरती मुकुटाचा लोगो, रोलेक्स, 'ऑयस्टर पर्पेच्युअल डेट' आहेच. गंमत म्हणजे तिथे ते बऱ्यापैकी जमून गेलंय कारण ओळींच्या लांबीचा मेळ बसलाय आणि गोल ठळक खुणांसमोर ती बारीक अक्षरं मागे सरतात, पण तीच नक्कल दुसऱ्या कंपन्या करतात तेव्हा ती सहा ओळींची गर्दी अंगावर येते.

मग नाव तरी कशाला, असं कुणी म्हणेल. तर नाव मला हवंच असतं, आणि त्याला कारण आहे. ज्या डायलवर अंक नाहीत, फक्त एकसारख्या काड्या आहेत, तिथे १२ कुठे हे डोळ्याला पटकन कळायला काहीतरी लागतं, आणि वरच्या बाजूचं नाव ते काम गुपचूप करतं. म्हणून पूर्ण कोरी डायल मला ड्रेस वॉचमध्ये, म्हणजे समारंभाला घालायच्या साध्या घड्याळात, अडचणीची वाटतात, घड्याळ जरा तिरकं दिसलं की क्षणभर शोधाशोध होते. जिथे लोगो नाही तिथे दुसरं काहीतरी ती जागा घेतं तेव्हाच ते डायल जमतं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन वैमानिकांची मोठी घड्याळं बघा, ५५ मिमीची, ए. लांगे, आयडब्ल्यूसी, लाको, स्टोवा आणि वेम्पे या पाच जणांनी केलेली, डायलवर एकाचंही नाव नाही, पण १२ वर त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके. अंधारात, कंपनात, जाड कोटाच्या बाहीवर बांधलेलं असताना वर कुठलं हे एका नजरेत समजतं. मोवाडोच्या म्युझियम डायलवरही तेच, नेथन जॉर्ज हॉरविटने १९४७ मध्ये केलेल्या त्या डिझाइनमध्ये अंकही नाहीत आणि काड्याही नाहीत, १२ च्या जागी फक्त एक गोल ठिपका. तुम्हाला बिनलोगोचं हवं असेल तर ही अट धरून शोधा: १२ ची खूण वेगळी पाहिजे.

दुसरं कारण असं की नाव म्हणजे सही आहे, आणि ती मिळायला कारागिरांना बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक घड्याळांवर बनवणाऱ्याचं नाव नसायचंच, दुकानदार आपलं नाव छापून घ्यायचे, आणि रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ याला स्वतःचं नाव डायलवर आणायला दुकानदारांशी बरीच वर्षं चिकाटीने झगडावं लागलं. आजही पॅटेक फिलिपच्या डायलवर खाली ते विकणाऱ्या टिफनी या जवाहिऱ्याचंही नाव असलं की लोक त्यामागे धावतात, पण मला ते दुसरं नाव नको असतं, ज्याने बनवलं त्याचं नाव असावं आणि एकट्याचं असावं. सही कशी असावी याचा माझा सगळ्यात आवडता नमुना ब्रेगे या जुन्या घड्याळजीचा आहे, नकली माल थांबवायला साधारण १७९५ पासून तो डायलवर इतकी बारीक सही कोरायचा की प्रकाश तिरका पडला तरच दिसते. त्याच वळणाचं आताचं म्हणजे एच. मोझर ही स्विस कंपनी, त्यांच्या काही डायलवर नाव पारदर्शक लॅकरने छापलेलं असतं, सरळ बघितलं तर डायल कोरं, मनगट वळवलं की अक्षरं उमटतात. हे मला मनापासून आवडतं, नावही आहे आणि डायलची शांतताही.

लोगो आणि नाव दोन्ही एकत्र हवंत का? लोगो पुरेसा ओळखीचा असेल तर एकच ठेवावं असं मला वाटतं, पण लाँजीनचा पंखवाला वाळूघड्याळाचा लोगो याला अपवाद, तो १८८९ पासून नोंदलेला आहे आणि धातूचा वेगळा करून बसवलेला असला की इतका सुंदर दिसतो की काढा म्हणायची हिंमत होत नाही. इथे छापलेलं आणि बसवलेलं यातला फरक सांगतो, कारण माझ्या मते मजकूर किती यापेक्षा तो कसा केलाय याला जास्त महत्त्व आहे. छपाई साधारण अशी होते की कोरलेल्या प्लेटवर शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ गोळा ती उचलतो आणि डायलवर दाबतो, आणि पांढरी अक्षरं गडद डायलवर भरीव दिसावीत म्हणून हे एकाहून जास्त वेळा करावं लागतं, दर वेळी अगदी त्याच जागी. दहापट भिंगातून बघितलं की कळतं कुणी किती जीव लावलाय. चांगल्या कामात अक्षर डायलवर किंचित उचललेलं असतं, कडा चाकूने कापल्यासारख्या, 'एम' च्या आतला कोपरा मोकळा. घाईच्या कामात तोच कोपरा शाईने बुजलेला आणि 'ई' चे दात एकमेकांना चिकटलेले. बसवलेल्या लोगोला मागे बारीक पाय असतात, ते डायलच्या भोकांतून जातात, आणि त्याची सावली डायलवर पडते जी सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला असते, हे बघत बसायला मला कधी कंटाळा येत नाही.

सीकोवर जरा थांबतो कारण त्यांच्यात दोन्ही टोकं दिसतात. सीको ५ ची जुनी ढाल मला आवडते, कारण त्या ५ ला अर्थ आहे: ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चावी चारच्या बाजूला आणि दणकट केस-पट्टा, १९६३ पासूनचं वचन एका आकड्यात. त्यांच्याच डायव्हर घड्याळांवर प्रॉस्पेक्सचा तो 'एक्स' मात्र मला नको वाटतो, तो फक्त कुठल्या मालिकेतलं हे सांगतो आणि ते घेणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. आणि ग्रँड सीकोवर २०१७ पर्यंत वर सीको आणि खाली ग्रँड सीको अशी दोन नावं असायची, एकाच कागदावर दोन सह्या, मग तो वेगळा ब्रँड झाला आणि वर एकच नाव राहिलं. तेव्हा बऱ्याच जुन्या चाहत्यांना रुचलं नाही, मला तर ते डायल त्या दिवशी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

ओळींचा आकारही बघत जा. ट्यूडर ब्लॅक बेच्या सुरुवातीच्या घड्याळांवर खालची ओळ कमानीत वाकवलेली होती, चाहते तिला हसरं डायल म्हणतात, वर गुलाबाचा लोगो. २०१६ मध्ये मशीन बदललं, गुलाबाच्या जागी ढाल आली आणि ओळी सरळ झाल्या. मशीन नवं जास्त चांगलं आहे यात वाद नाही, पण गोल डायलमध्ये कमानीतली ओळ जशी सामावून जाते तशी सरळ ओळींची थप्पी जात नाही. रंगाचंही तसंच, एकच शब्द लाल असेल तर काळ्या डायलवर तो जीव आणतो, जुन्या लाल सबमरीनरच्या मागे संग्राहक वेडे आहेत ते एका लाल ओळीसाठीच. नाव हिरवं आणि मुकुट पिवळा असं रोलेक्सने २०१६ च्या एअर-किंगवर केलं ते मला झेपलं नाही.

आणि एक मजकूर असा आहे जो कितीही बारीक असला तरी मी कधी काढू देणार नाही, ६ च्या खाली अगदी काठावरचा. तिथे 'स्विस मेड' असतं, ज्याला कायदा आहे, २०१७ पासून निर्मिती खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो. पण जुन्या घड्याळांवर त्या शब्दांच्या दोन बाजूंना एकेक 'टी' दिसतो, तो ट्रिटियमचा, म्हणजे खुणांवरचा चमकणारा रंग किरणोत्सारी आहे याची नोंद. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यामुळे ती चमक आता विझलेली असते, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी हा रंग मागे पडला म्हणून त्या दोन अक्षरांवरून घड्याळ साधारण कुठल्या काळातलं ते सांगता येतं. असा मजकूर मला प्रिय आहे, कुणाला काही विकायचं नाही, फक्त खरं सांगायचंय.

तर तुमच्या दोन घड्याळांबद्दल: मी नुसतं नाव असलेलं घेईन. पण ठरवायच्या आधी एक करा, वेबसाइटवरचे मोठ्ठे फोटो बाजूला ठेवा, कारण तिथे डायल तळहाताएवढं दिसतं आणि प्रत्येक ओळ ओरडून बोलते. घड्याळ हातात घालून कोपर वाकवा आणि वेळ बघता तितक्या अंतरावरून बघा. त्या अंतरावर चार ओळी वाचता येत नाहीत, त्यांचा एक फिकट पट्टा होतो, आणि तुम्हाला तेवढंच ठरवायचंय की तो पट्टा मिनिट काट्याच्या वाटेत आलेला चालेल का. चालत असेल तर चार ओळींचं खुशाल घ्या, फक्त भिंगातून अक्षरांचे कोपरे एकदा तपासून घ्या.